पोवाडा हवा, शाहीर नको!

आमच्या सुशिक्षित समाजाला पोवाडा हवा आहे. शाहीर मात्र नको आहे. हें विधान वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. शिवजयंती आली कीं अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जागोजाग मांडव पडतात. गृहनिर्माण संस्थांच्या पटांगणांत डफावर थाप पडते. ध्वनिमुद्रित झील वाजूं लागते. आणि फेटा बांधलेले एक गृहस्थ साडेतीनशें वर्षांपूर्वींचा पराक्रम मोठ्या आवेशानें गाऊन जातात. १ मे रोजीं हाच सोहळा पुन्हा होतो. श्रोते टाळ्या वाजवितात, लहान मुलांचीं छायाचित्रें निघतात, गृहस्थांच्या हातीं श्रीफळ व पाकीट पडतें, आणि आपण महाराष्ट्राच्या परंपरेची सेवा केली अशा समाधानांत मंडळी जेवावयास जातात. मग आमची तक्रार कोणती? तक्रार एवढीच कीं, ह्या समारंभांत शाहिराचा फेटा असतो, डफ असतो, आवाजहि असतो. शाहिराचा अधिकार तेवढा नसतो. काल-परवां आपल्याच वस्तींत जें घडलें त्याविषयीं एक चौक म्हणण्याची त्यास मुभा नसते. आणि त्यानें तो म्हटलाच तर पुढील वर्षीं त्यास बोलावणें जात नाहीं.

पोवाडा म्हणजे जुन्या पराक्रमाचें गाणें, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही समजूत मुळांतच चुकीची आहे. उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना समजला जाणारा पोवाडा अज्ञानदासाचा, आणि त्याचा विषय अफजलखानाचा वध. ही घटना १० नोव्हेंबर १६५९ ची, आणि अज्ञानदास त्याच काळचा. जिजाबाईंच्या आज्ञेवरून त्यानें तो रचला व शिवाजी महाराजांनीं त्यास घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस दिला, असें परंपरा सांगते. म्हणजे अज्ञानदासानें इतिहास गाइला नाहीं. त्यानें बातमी गाइली. १६७० मधील सिंहगडाचा प्रसंग गाणाऱ्या तुळशीदासासहि परंपरा समकालीनच मानते. पुढें प्रभाकरानें सवाई माधवरावांच्या रंगाचें वैभव गाइलें, आणि पेशवाई बुडाल्यावर तिचा शेवटहि त्याच तोंडानें गाइला. आज आपण ज्यास 'ऐतिहासिक पोवाडा' म्हणतों तो आपल्या जन्मकाळीं ऐतिहासिक नव्हताच. तो त्या दिवसाचा होता. ह्या शाहिरांचें अनुकरण करावयाचें तर त्यांचे विषय उचलून भागणार नाहीं. आपल्या काळाकडे पाहण्याची त्यांची दृष्टि उचलली पाहिजे.

ह्या बाबतींत आयर्लंड व स्कॉटलंडचा डोंगराळ प्रदेश येथील गेलिक समाजाचें उदाहरण विचार करण्याजोगें आहे. त्या समाजांत कवि ही एक वृत्ति होती. आपल्याकडील वतनासारखीच ती पुष्कळदां बापाकडून मुलाकडे जाई. 'फिली' नांवाचा विद्वान् कवि वर्षानुवर्षें गुरुगृहीं राहून छंद, वंशावळी व पुराणकथा मुखोद्गत करी. त्याच्या खालच्या पायरीवर 'बार्ड' असे. मार्टिन मार्टिन नांवाच्या प्रवाशानें १७०३ मध्यें स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत हे कवि दारें-खिडक्या बंद करून, अंधारांत, पोटावर दगड ठेवून उताणे पडून काव्यरचना करीत, असें तो सांगतो. हें वाचून आपणांस हसूं येईल. पण ज्या समाजानें काव्यासाठीं अशी शिस्त घातली त्या समाजांत काव्याची किंमत काय असेल, हेंहि त्यांतूनच कळतें.

परंतु आमच्या प्रस्तुत मुद्द्याच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. गेलिक सरदार आपल्या कवीस जमीन देई, गुरें देई, पंक्तीला मानाची जागा देई, आणि त्याबरोबरच त्यास भीतहि असे. कवि स्तुति करी तशीच निंदाहि करी. आणि अन्यायी सरदारावर निंदाकाव्य रचलें असतां त्याच्या तोंडावर फोड उठतात, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. फोड उठोत वा न उठोत, ह्या श्रद्धेचा अर्थ उघड आहे. ज्याला निंदा करतां येते त्याचीच स्तुति मोलाची असते. ज्याच्या तोंडून निंदा कधींच निघावयाची नाहीं त्याची स्तुति ही स्तुति नव्हे. ती केवळ पावती होय.

राज्यकर्त्यांनीं हें फार लवकर ओळखलें. १३६६ च्या किल्केनी येथील कायद्यानें आयर्लंडांतील इंग्रजांनीं आयरिश गायक-कवींस थारा देऊं नये असें ठरविलें. एडमंड स्पेन्सर हा इंग्रजी भाषेंतील थोर कवि; परंतु आयर्लंडविषयीं १५९६ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत त्यानेंहि तेथील बार्ड लोकांवर हत्यार उपसलें. १६०९ मध्यें आयोना येथें बेटांवरील सरदारांकडून जे करार लिहून घेण्यांत आले त्यांत बार्डांचा बंदोबस्त हें एक कलम होतें. निरुपद्रवी माणसाविरुद्ध कोणी कायदे करीत नाहीं. एवढ्या सत्ताधीशांस ज्यांची धास्ती वाटली ते कवि केवळ करमणूक करीत नसले पाहिजेत.

आणि तरीहि ती परंपरा मोडली. १६०७ मध्यें आयर्लंडच्या उत्तरेचे सरदार देश सोडून गेले. १७४६ मध्यें कलोडनच्या रणांगणावर स्कॉटलंडच्या डोंगरी सरदारांचें बळ खचलें. आणि सरदार गेला तसा त्याचा कविहि गेला. मॅकव्हुरिख नांवाचें घराणें तेराव्या शतकापासून कविवृत्ति चालवीत आलें होतें. त्यांतील लाखलन ह्या वंशजाची जबानी १८०० मध्यें घेण्यांत आली, तेव्हां त्यास लिहितां-वाचतांहि येत नव्हतें. आणि वाडवडिलांच्या चर्मपत्रांच्या पोथ्या शिंप्यांनीं मापाच्या पट्ट्या करण्यासाठीं कापून नेल्याचें त्यानें सांगितलें. एका थोर परंपरेचा ह्याहून करुण शेवट आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां आपल्याकडे पाहूं. १८१८ मध्यें आपलेहि सरदार गेले. होनाजी, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ ही सारी मंडळी त्यानंतरहि कित्येक वर्षें हयात होती, आणि आश्रयदाता नाहींसा होण्याचें दुःख त्यांनीं भोगलें. गेलिक न्यायानें पाहतां शाहिरीहि तेव्हांच संपावयास हवी होती. ती संपली नाहीं. कारण शाहीर एका वाड्याचा कधींच नव्हता. होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार, राम जोशी व प्रभाकर ब्राह्मण. ह्या मंडळींस एकत्र बांधणारें सूत्र एखाद्या घराण्याचें मीठ नव्हतें, तर गांवचा चौक होता. वाडा पडला तरी चौक राहिला. म्हणूनच १८६९ मध्यें जोतीराव फुल्यांस शिवाजी महाराजांचें चरित्र लोकांपुढें मांडावयाचें झालें तेव्हां त्यांनीं पवाड्याचाच आश्रय केला. सत्यशोधकांचे जलसे, पुढें आंबेडकरी जलसे, आणि गिरणगांवांत अमर शेख, अण्णाभाऊ साठे व गव्हाणकर ह्यांचीं कलापथकें हा सर्व त्या चौकाचाच वंशविस्तार होय. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत ह्या शाहिरांनीं केलेलें काम शंभर अग्रलेखांनीं झालें नसतें. गेलिक कवि सरदाराबरोबर गेला. मराठी शाहीर सरदार गेल्यावर लोकांचा झाला. ह्या एका गोष्टीबद्दल महाराष्ट्रानें अभिमान बाळगावा असें आम्हांस वाटतें.

परंतु हा अभिमान आपण सुशिक्षितांनीं कितपत बाळगला? ह्या वाङ्मयाचा पहिला मोठा संग्रह १८९१ मध्यें निघाला, तो शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्या साह्यानें ॲक्वर्थ नांवाच्या एका इंग्रज मुलकी अधिकाऱ्यानें काढला. हे गृहस्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते, आणि वडाळ्याच्या कुष्ठरुग्णालयाला त्यांचें नांव आहे. शहराच्या गटारांची व पाण्याची चिंता वाहणाऱ्या परक्या माणसास आमच्या गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे जपून ठेवावेसे वाटले. आमच्या पदवीधरांपैकीं बहुतेकांस ते 'अशिष्ट' वाटत होते. पुढें य. न. केळकरांनीं आयुष्य वेंचून 'ऐतिहासिक पोवाडे' संपादिले, म्हणून आपली थोडीशी लाज राहिली.

आणि आम्हां प्राध्यापकांची गोष्ट तर विचारूंच नये. ग्रे कवीचें 'द बार्ड' हें १७५७ मधील काव्य महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविलें गेलें. त्यांत वेल्स देशचा एक वृद्ध कवि कड्यावर उभा राहून जिंकणाऱ्या राजास शाप देतो. आम्हीं तें वाचून रोमांचित झालों, विद्यार्थ्यांसहि रोमांचित व्हावयास सांगितलें. वेल्समधील कवीनें इंग्लंडच्या राजास शाप दिलेला आम्हांस चालतो. घाटकोपरच्या शाहिरानें येथील नगरसेवकास एक टोमणा मारला तर मात्र कार्यक्रमाला गालबोट लागतें! स्कॉटचा म्हातारा मिन्स्ट्रल आमच्या काळजाला हात घालतो, आणि आमच्या स्थानकाबाहेर डफ वाजविणारा मनुष्य आमच्या वाटेंतील अडथळा होतो. ह्यास रसिकता म्हणावयाचें कीं दुसरें कांहीं, हें वाचकांनींच ठरवावें.

आमच्या ह्या म्हणण्यावर येणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा कीं, शाहीर हे पैशासाठीं गाणारे भाट. त्यांच्या स्वातंत्र्याची एवढी मातब्बरी कशाला? पैसा घेणें हा दोष असेल तर तो प्राध्यापकांस, संपादकांस व न्यायाधीशांसहि लागू आहे. प्रश्न पैसा घेतला कीं नाहीं हा नसून, पैसा घेतल्यावर तोंड स्वतःचें राहिलें कीं नाहीं, हा आहे. पुढाऱ्याच्या वाढदिवशीं त्याची तुलना शिवरायांशीं करणारे डफवाले आम्हींहि पाहिले आहेत. त्यांची कींव करावी तेवढी थोडी; परंतु त्यांना तसें कोणीं बनविलें? ज्या समाजानें निंदेचा चौक बंद केला त्यास खुशामतीचा चौकच ऐकावा लागणार.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा: पोवाडा इतिहास म्हणून विश्वसनीय नाहीं, त्यांत आंकडे फुगलेले, प्रसंग मिसळलेले असतात. हें खरें आहे, आणि इतिहासकारानें पोवाडा पत्रांशीं व दफ्तरांशीं ताडून पाहिलाच पाहिजे. परंतु फौजेंत माणसें किती होतीं हें दफ्तर सांगेल. त्या फौजेच्या पराभवानें गांवांत चूल पेटली कीं नाहीं हें शाहीरच सांगेल. दोन साक्षीदारांस दोन निराळ्या गोष्टी विचारावयाच्या असतात.

तिसरा आक्षेप असा कीं, आधुनिक शाहीर पक्षाभिमानी असतात. अण्णाभाऊ कम्युनिस्ट होते. त्यांनीं स्टालिनग्राडचा पवाडा रचला. त्यांच्या सर्व राजकीय मतांशीं सहमत होण्याची गरज आम्हांसहि वाटत नाहीं. परंतु मत असणें आणि मत विकणें ह्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. मुंबईंत पोट भरण्यासाठीं आलेल्या माणसाची गांवीं राहिलेली मैना त्यांनीं गाइली, तेव्हां ज्यांना लाल बावटा मुळींच मान्य नव्हता त्यांच्याहि डोळ्यांस पाणी आलें. मतें असलेला शाहीर मतांपलीकडे जाऊं शकतो. ज्याला मतच नाहीं त्याला पलीकडे जावयास जागाच नसते.

चौथा आक्षेप सर्वांत जोरदार आहे. वर्तमानपत्रें आलीं, दूरचित्रवाणी आली, आतां तर प्रत्येकाच्या खिशांत बातमी आहे. मग बातमी गाणारा हवा कशाला? उत्तर झीलकऱ्याजवळ आहे. वर्तमानपत्र मनुष्य एकटा वाचतो, खिशांतील यंत्रावर तर तो गर्दींतहि एकटाच असतो. पोवाड्यांत शाहीर एक ओळ म्हणतो आणि झीलकरी ती उचलतात; उचलतां उचलतां ती समोरच्या पांचशें माणसांची होते. झालेल्या अन्यायावर एका समाजानें एकमुखानें केलेला तो उच्चार असतो. बातमी कळणें निराळें आणि ती आपली वाटणें निराळें. पहिल्याची आज रेलचेल आहे. दुसऱ्याचा दुष्काळ आहे.

आतां आमच्या उपनगरांकडे वळतों. कारण हा सर्व प्रपंच त्यांच्यासाठींच आहे. अण्णाभाऊ साठे ह्यांचें मुंबईंतील दीर्घ वास्तव्य घाटकोपरच्या चिरागनगरांतील झोपडींत झालें. शाळा त्यांनीं नांवापुरतीच पाहिली होती. 'फकिरा'सारखी कादंबरी त्यांनीं लिहिली. १९६९ मध्यें ते वारले. २०२२ मध्यें मॉस्को शहरांत त्यांचा पुतळा उभा राहिला. मॉस्कोला त्यांची आठवण झाली ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु घाटकोपरच्या सुशिक्षित वस्तींतून चिरागनगरापर्यंतचें अंतर अजूनहि मॉस्कोपेक्षां अधिक आहे कीं काय, अशी शंका आम्हांस येते.

दुसरें नांव ह्याहून कमी ऐकिवांत आहे. ११ जुलै १९९७ रोजीं घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरांत डॉक्टर आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राखीव पोलिसांनीं गोळीबार केला आणि १० माणसें मेलीं. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनीं मुलुंडच्या झोपडपट्टींत राहणारे शाहीर विलास घोगरे ह्यांनीं आपलें जीवन संपविलें. कामगारांचीं व दलितांचीं दुःखें गात फिरलेला हा माणूस. एका मनुष्याच्या अंतःकरणांत शेवटच्या घटकेस काय चाललें होतें हें सांगण्याचा अधिकार कोणासच नाहीं, आणि आम्ही तें सांगूं इच्छीत नाहीं. परंतु दहा शेजाऱ्यांच्या मरणानंतर चौथ्या दिवशीं एक शाहीर जातो, आणि त्याच रेल्वेमार्गावर राहणाऱ्या आम्हां साहित्यप्रेमी मंडळींस त्याचें नांव १४ वर्षांनीं एका बोलपटावरून कळतें, ही गोष्ट आमच्या साहित्यप्रेमाविषयीं बरेंच कांहीं सांगते. २०११ चा 'जय भीम कॉम्रेड' हा बोलपट निघाला नसता तर तेंहि कळलें नसतें.

तिसरी गोष्ट अगदीं ताजी. १३ मे २०२४ रोजीं वादळी वाऱ्यांत घाटकोपरला एक प्रचंड जाहिरात-फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसें मेलीं. फलक १२० फूट लांब व तितकाच उंच होता. नियमानें ४० फुटांहून मोठा फलक चालत नाहीं. अज्ञानदास, तुळशीदास वा अण्णाभाऊ असते तर ह्या विषयाचें त्यांनीं काय केलें असतें? फलक कोणाचा, परवाना कोणाचा, डोळेझांक कोणाची, आणि खालीं सांपडलेला मोटारचालक कोणाचा बाप, हे चार चौक आपोआप उभे राहिले असते. असा पोवाडा कोणी रचलाहि असेल. आमच्या मांडवांत तो ऐकूं आला नाहीं. त्या वर्षीं आमच्या मांडवांत पुन्हा प्रतापगडच सर झाला. प्रतापगड गावा, अवश्य गावा. परंतु जो शाहीर आजच्या अन्यायापुढें मुका होतो त्याच्या तोंडीं प्रतापगड शोभत नाहीं.

ह्यावर उपाय काय? आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली: प्रत्येक उत्सवमंडळानें शाहिरास एक नवा पोवाडा सांगावा, त्याचा विषय त्या वर्षींचा व त्याच उपनगराचा असावा, आणि मंडळाच्या कार्यकारिणीनें तो आधीं वाचावयास मागूं नये. दुसरी: ध्वनिमुद्रित झील बंद करून हाडामांसाचे झीलकरी आणावे आणि त्यांचें मानधन शाहिराच्या उपकारावर न सोडतां वेगळें द्यावें. रोषणाईवर जो खर्च होतो त्याच्या अल्पांशांत हें होईल.

तिसरी सूचना ग्रंथालयांस आहे. स्कॉटलंडनें आपली चूक उशिरां कां होईना ओळखली. १९५१ मध्यें एडिंबरो विद्यापीठांत स्कॉटिश अध्ययनाची संस्था निघाली आणि तिच्या संशोधकांनीं खेड्यापाड्यांतून, फिरत्या कारागिरांच्या राहुट्यांतून, म्हाताऱ्या माणसांचीं गाणीं नांव-गांव-तारीख लिहून ध्वनिमुद्रित केलीं. आमच्या उपनगरांतल्या चाळींत व झोपडपट्ट्यांत गिरणगांवचे जलसे ऐकलेलीं, किंबहुना गाइलेलीं म्हातारीं माणसें अजून आहेत. त्यांच्या ट्रंकांत बाडें आहेत. तीं बाडें मॅकव्हुरिखांच्या चर्मपत्रांच्या वाटेनें जाण्यापूर्वीं ग्रंथालयांनीं मिळवावीं, आणि बाडांबरोबर आवाजहि मिळवावा. ह्यासाठीं आतां प्रचंड यंत्रसामग्री लागत नाहीं. खिशांतल्या ज्या यंत्रावर आम्ही उत्सवाचीं छायाचित्रें काढतों तेंच पुरेसें आहे.

चौथी सूचना आम्हां अध्यापकांसच आहे. मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारांत लोककला अकादमी आहे. अंधेरीहून ती हाकेच्या अंतरावर. मराठी वाङ्मयाचा वर्ग आणि ती अकादमी ह्यांचा संबंध किती येतो हें प्रत्येक प्राध्यापकानें स्वतःस विचारावें. पोवाडा छापील पानावरून शिकविणें म्हणजे पोहणें फळ्यावर शिकविणें. ऑक्टोबर २०२४ मध्यें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आम्हीं पेढे वांटले. ती भाषा अभिजात झाली ती केवळ ग्रंथांनीं नव्हे. ज्यांना ग्रंथ परवडत नव्हता त्यांच्या तोंडींहि ती तितकीच जिवंत राहिली, हेंहि त्याचें एक कारण आहे.

येत्या उत्सवाची वर्गणी मागावयास मंडळाचे कार्यकर्ते आमच्या वाचकांच्या दारीं येतील. वाचकांनीं वर्गणी अवश्य द्यावी. मात्र देतांना एक प्रश्न विचारावा: ह्या वर्षीं शाहीर कोण येणार, आणि तो आपल्या मनाचें गाणार कीं तुमच्या? कार्यकर्ते गोंधळले तर वाचकांनीं समजावें कीं प्रश्न योग्य ठिकाणीं लागला आहे.